तांबड्या भाताची मतं

१

अंबाजी गुरवानं मडक्याच्या तोंडावरची वाळलेली माती फोडली, फडकं सोडलं आणि अंथरलेल्या उपरण्यावर मडकं उपडं केलं. भाताचे दाणे आणि वाल एकमेकांत मिसळून पसरले.

भैरोबाच्या देवळापुढं टेंबवाडीचे सगळे खातेदार दाटीनं उभे होते. लोणावळ्याच्या गेणूशेटशी सौदा ज्याला हवा त्यानं मडक्यात भाताचा दाणा टाकायचा, ज्याला नको त्यानं वाल, असं ठरलं होतं. गावात लिहिता येणारे थोडे. त्यात भावाभावांत दोन तट पडलेले, त्यामुळं आपलं मत शेजाऱ्याला कळू नये ही सगळ्यांचीच इच्छा होती. आदल्या दिवशी एकेक जण घोंगडीच्या आडोशाला जाऊन दाणा टाकून आला होता.

दत्तोबा पाटलांनी सगळ्यांसमक्ष दाणे वेगळे केले. एकदा मोजले, पुन्हा मोजले.

"भात एकोणतीस," ते म्हणाले आणि क्षणभर थांबले. "वाल तेरा."

खातेदार बेचाळीस होते. बेरीज बरोबर होती. पाटील स्वतः सौद्याच्या विरुद्ध होते आणि ते त्यांनी कधी लपवलं नव्हतं. पण सौद्याच्या बाजूनं महिनाभर गाव पिंजून काढलेला हौशीरामही उपरण्याकडं बघतच राहिला. एवढं पारडं आपल्याकडं झुकेल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

देवळाच्या पायरीवर बसलेला गेणूशेट उठला. लोणावळ्यात त्याची भातगिरणी होती. "मग अंगठे उमटवून घेऊ," तो म्हणाला.

"जरा थांबा, शेट." मागून भिमाजी पुढं आला. डोंगरउतारावर वरकस जमीन कसणारा, हाडकुळा, आवाजानं मोठा माणूस. तो लोकांकडं वळला. "आता लपवून काय करायचंय? ज्यानं ज्यानं वाल टाकला त्यानं हात वर करा."

आधी पाटलांचा हात वर गेला. मग एक, मग दोन, मग मागच्या रांगेतले. लोक एकमेकांच्या हातांकडं बघत होते. बघता बघता वीसच्या वर हात झाले.

"वाल तेरा आन् हात एवढे?" भिमाजी म्हणाला.

गेणूशेट शांतपणे म्हणाला, "काल भात टाकलं असेल, घरी गेल्यावर बायकोनं फैलावर घेतलं असेल, म्हणून आज हात वर. मडक्यावर अंगठे तुमचेच होते. फुटले होते का?"

ते फुटले नव्हते. ओल्या मातीवर पाटील, हौशीराम, भिमाजी आणि अंबाजी या चौघांनी अंगठे दाबले होते आणि सकाळी चौघांनीही ते नीट निरखून पाहिले होते. मातीला साधा तडा नव्हता.

"गुरुवारच्या बाजारापर्यंत थांबतो," गेणूशेट म्हणाला. "नंतर मी पलीकडच्या गावांत सौदे करीन. मग माझ्या गिरणीत तुमच्या भाताला जागा राहील असं समजू नका."

त्याचा टांगा मळवलीच्या वाटेला लागेपर्यंत देवळापुढं हौशीराम आणि भिमाजी एकमेकांच्या अंगावर गेले होते. पाटलांनी दोघांना वेगळं केलं आणि लोणावळ्याला माणूस धाडला. मकसूद जमादारांना बोलवायला.

२

मकसूद इनामदार रेल्वे पोलिसांतून जमादार म्हणून निवृत्त झाले होते आणि लोणावळ्यात राहत होते. मालधक्क्यावरच्या चोऱ्या धरण्यात त्यांची हयात गेली. टेंबवाडीत त्यांची शेती नव्हती, भाऊबंद नव्हते, गेणूशेटशी देणंघेणं नव्हतं. गाव त्यांचं ऐकेल ते एवढ्याचसाठी, असं पाटलांना वाटलं.

ते दुपारी मळवलीला रेल्वेतून उतरून चालत आले. चैत्राचं ऊन होतं. खाचरांतून राबाचा पालापाचोळा भाजण्याचा धूर उठत होता आणि त्यातून लोहगडाची कड पुसट दिसत होती. पाटलांनी त्यांना देवळात सावलीला बसवलं आणि सौदा काय तो आधी समजावला.

लढाईच्या वर्षांत भात सरकार घेत असे. भाव सरकारचा, माप सरकारचं. लोकांनी त्या लेव्हीला पोटभर शिव्या दिल्या. या साली ती उठली आणि पहिले काही दिवस गावात आनंद झाला. मग प्रश्न पडला, आता भात विकायचं कुणाला?

गेणूशेटनं तो प्रश्न सोडवून दिला. घरात उरलेलं आणि पुढच्या दोन सुगींचं भात त्यानं घ्यायचं, आज ठरेल त्या भावानं.

"मी काय वाईट बोललो?" शेजारी बसलेला हौशीराम म्हणाला. "लढाईच्या आधी मंदी आली व्हती. माझा बा गाडी भरून लोनावळ्याला गेला आन् तशीच भरलेली गाडी परत घिऊन आला. कोन इचारंना. आता सरकार बाजूला झालं. भाव कोसळला तर? ठरलेला भाव असला म्हंजी मानूस शांत झोपतो."

"आन् पीक बुडालं तर झोप लागंल का?" भिमाजी म्हणाला. "त्यांना सांग की दुसरं कलम. ठरलेलं भात भरलं न्हाई तर बाजारातनं इकत घिऊन भरायचं. ज्या साली माझं बुडंल त्या साली समद्यांचंच बुडंल. मंग बाजारात भात सोन्याच्या भावानं. ते इकत घिऊन मी शेटला जुन्या भावानं द्यायचं."

"आणि तुमचं म्हणणं?" मकसूदनी पाटलांना विचारलं.

"गावाचं भात एका ठिकाणी साठवायचं," पाटील म्हणाले. "माझं घर मोठं हाय, माझ्या माळ्यावर ठेवू. भाव बगून गाड्या एकत्र न्यायच्या. एकटा गेला की व्यापारी पाडून मागतो. गाव गेलं तर त्याला इचार करावा लागंल. धोका ह्यातबी हाय. पन तो आपला आपन उचललेला."

मकसूदनी मान हलवली. "यातलं बरोबर कोण ते मला विचारू नका. मला एवढंच शोधायचंय की गाव काय म्हणालं होतं." त्यांनी मडकं मागवलं, दाणे मागवले आणि तिघांनाही बाहेर जायला सांगितलं.

३

मातीचे तुकडे अंबाजीनं जपून ठेवले होते. मकसूदनी ते जुळवून पाहिले. चारी अंगठे शाबूत. मडक्याच्या बुडाला भोक नाही, चीर नाही, नव्यानं लिंपल्याची खूण नाही.

म्हणजे माती लावल्यावर मडक्याला कुणी हात लावला नव्हता. सगळं गाव रात्रीचा विचार करत होतं. रात्री देवळात कोण आलं, कुत्री का भुंकली, कुणाच्या घरात दिवा होता. आणि रात्री काहीच झालं नव्हतं. जे झालं ते दिवसाउजेडी, माती लागण्याच्या आधी.

मग त्यांनी भाताचे दाणे तळहातावर घेतले. वाल काढून भात घातलं असेल, तर ते भात कुठून तरी आलं असेल. त्यांनी एक दाणा नखानं सोलला. आत पांढरा, आखूड तांदूळ. बोटाला आंबेमोहोराचा वास लागला. दुसरा सोलला, तोही तसाच. तिसरा सोलला आणि ते उठून दारातल्या उजेडात गेले.

टरफलाआडचा तांदूळ तांबडा होता.

त्यांनी भिमाजीला हाक मारली. "मतासाठी भात कुठलं वापरलं होतं?"

"देवाच्या वावरातलं. आंबेमोहोर. अंबाजीनं टोपली भरून आनली व्हती, दुसऱ्या टोपलीत वाल. समद्यांनी त्यातलाच दाना घेतला."

"आणि तांबडं भात गावात कोण पिकवतं?"

भिमाजीनं त्यांच्या तळव्याकडं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"मी," तो म्हणाला. "उतारावर दुसरं काय येत न्हाई. मी एकटाच."

४

"मी माझ्याच मताचा गळा कशाला कापीन, जमादार?" भिमाजी जमिनीवर बसला होता. "सौदा झाला तर पैला मी मरतो."

"तुम्ही केलं असं मी म्हणालो नाही. या साली तुमचं भात कुणाकुणाकडं गेलं ते सांगा."

"दोन घरांत. हौशीरामानं बियाला नेलं, त्यालाबी उतारावर जरा जमीन हाय. आन् पाटलांच्या घरी दिलं. लेक बाळंत झालीया त्यांची, पेजेला तांबडा तांदूळ लागतो. बस, बाकी घरी खाल्लं."

"काल दाणे टाकून झाल्यावर काय काय झालं?"

"जेवलो की. देवळामागं पंगत व्हती, पिठलं-भाकरी आन् कढी. दोन पंगती झाल्या. दुसरीला मी न् अंबाजी शेजारी बसलो. त्यो तीनदा कढी मागून घेतो, वाढणारी पोरं हसत व्हती. मंग आमी चौघं आत गेलो आन् माती लावली."

 मकसूदनी हौशीरामाला बोलावून घेतलं.

हौशीराम ताठ मानेनं आला. तांबडा दाणा दाखवल्यावर मात्र तो वरमला. "हाय माझ्याकडं. बियाचं पोतं तसंच बांधलेलं हाय, येऊन बगा."

"बघेन. दाणे टाकून झाल्यावर टोपल्यांचं काय केलं?"

"मीच उचलून घरी नेल्या. उरलेलं भात न् वाल देवळात ऱ्हायलं तर कुनीतरी मूठभर आत टाकील, म्हनून मीच म्हनालो की ते हितनं हलवा. समद्यांच्या देखत नेलं. कोंबड्यांम्होरं टाकलं."

"म्हणजे पंगती बसल्या तेव्हा देवळात मडकं होतं, पण भाताचा सुटा दाणा नव्हता."

"एकबी नव्हता."

"आणि माती कुणी भिजवली?"

हौशीराम आठवू लागला. "तयारच व्हती. आमी आत गेलो तवा मडक्याशेजारी गोळा ठेवलेला व्हता. पाटलांच्या घरनं आली असंल, घर शेजारीच हाय."

तो निघाला, उंबऱ्यापाशी थांबला. "जमादार, तुमचा संशय माझ्यावर हाय?"

"होता," मकसूद म्हणाले. "पण तुमच्या हातात देवाच्या आंबेमोहोराची अख्खी टोपली होती. तुम्हाला लबाडी करायची असती तर तुम्ही त्यातलीच मूठ घातली असती आणि मला जन्मात कळलं नसतं. ज्यानं हे केलं त्याला ती टोपली मिळाली नव्हती. त्यानं घरात हाताला लागेल ते भात आणलं."

हौशीराम उभाच राहिला. उरलेलं घर एकच होतं, हे त्यालाही कळलं. पण त्या घराचा धनी तर सौद्याच्या विरुद्ध पहिला हात वर करणारा माणूस होता.

५

अंबाजी गुरव गाभारा झाडत होता.

"काल मडक्यापासून तुम्ही हलला नव्हता ना?"

"न्हाई जी. देवाची आन. तसं समद्यांना वचन दिलं व्हतं."

"कढी कशी होती?"

अंबाजीचा हात थांबला. त्यानं झाडणी भिंतीला टेकवली आणि बराच वेळ ती नीट टेकली का तेच बघत राहिला.

"भूक लागली व्हती," तो शेवटी म्हणाला. "सकाळपास्नं बसलेलो. पाटलीनबाई मागच्या दारानं माती घिऊन आल्या. म्हनल्या, जा अंबाजी, पंगत उठंल, मी बसते हितं. पाटलांच्या घरची बाई, मी काय इचार करनार? जेवून आलो तवा त्या तशाच बसल्या व्हत्या, मडक्याजवळ." त्यानं मकसूदकडं केविलवाणं पाहिलं. "पन त्या कशाला करतील? नवऱ्याच्या विरुद्ध?"

"मलाही तेच कळत नाहीये," मकसूद म्हणाले.

६

पाटलीणबाई, म्हणजे रतनबाई, अंगणात वाळवण उलथत होत्या. आत लेकीच्या खोलीत शेगडीचा आणि ओव्याचा वास दरवळत होता. पाटील घरी नाहीत हे बघूनच मकसूद आले होते.

"वहिनी, पेजेला तांबडं भात कुठं ठेवलंय?"

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. पदर सावरला. त्या पन्नाशीच्या, उंच, रुंद हाडाच्या बाई होत्या आणि त्यांनी नजर चुकवली नाही.

"स्वैपाकघराच्या दाराशी, उघड्या पाटीत," त्या म्हणाल्या. "घाईत तेच हाताला लागलं. टरफलात समदं भात सारखंच दिसतं म्हनलं. मडक्यात हात घातला की वाल बोटांना कळतात, गुळगुळीत असतात. मुठीत आलं तेवढं काढलं, तेवढंच भात मोजून टाकलं. तुमी इचारायच्या आधीच सांगते, ह्यांना काय ठावं न्हाई."

"ते मला माहीत आहे. का केलंत?"

रतनबाई ओट्यावर बसल्या. बोलायला लागल्या तेव्हा आवाज चढला नाही.

"लेव्ही व्हती तवा गावचं भात कुनी गोळा केलं? पाटील म्हनून ह्यांनीच. हुकूम सरकारचा, पन दारात उभं ऱ्हानार हे. पैली कणगी आमची उपसली, समद्यांनी बगावं म्हनून. तरी लोक म्हनले पाटलानं मागं दडवलं असंल. संक्रांतीला वाण घ्यायला माझ्या दारात एक बाई आली न्हाई, जमादार. मी पानवठ्यावर गेले की बाया अर्धी भरलेली कळशी उचलून वाटंला लागायच्या. ते समदं मी गिळलं. म्हनलं, सरकार जाईल, मंग संपंल."

आतून बाळ रडलं. लेकीनं त्याला थोपटल्याचा आवाज आला.

"आता सरकार गेलं बाजूला. आन् हे म्हनतात, समद्या गावाचं भात आपल्या माळ्यावर ठेवू. भाव पडला तर? घुशींनी खाल्लं तर? तवा सरकार तरी मुंबईला व्हतं. हा मानूस हितंच ऱ्हानार हाय, ह्याच लोकांत. सौदा झाला असता तर शिव्या गेनूशेटला बसल्या असत्या. मला यवढंच पायजे व्हतं."

"सौद्यातलं दुसरं कलम तुम्हाला ठाऊक होतं? भात कमी पडलं तर बाजारातून विकत घेऊन भरायचं?"

त्यांनी मान वर केली. "कसलं कलम?"

मकसूदनी सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग जात होता.

"म्हंजी पाऊस गेला त्या साली..." त्या थांबल्या. "भिमाजीच्या त्या उतारावर तर दोन सालांआड काय येत न्हाई. त्याचं घर उठंल."

"हो."

"हे मला कुनी सांगितलं न्हाई. चार हप्ते देवळात बोलनं चाललंय. घरी आल्यावर हे जेवायचे आन् झोपायचे. मीबी इचारलं न्हाई." त्यांनी तळवे पदराला पुसले. "तुमी काय करनार?"

"गावानं मला विचारलंय, मत खरं का खोटं. उद्या सगळ्यांसमोर दाणे सोलायचे. पांढरा निघेल ते खरं मत, तांबडा निघेल तो काढलेला वाल. खरा आकडा आपोआप पुढं येईल. एवढंच माझं काम. कुणाचंही नाव घेण्याचं वचन मी दिलेलं नाही."

"पन तांबडं निघालं की गाव भिमाजीचं नाव घेईल."

"घेईल."

रतनबाई उठल्या, सूप उचललं आणि वाळवणाकडं वळल्या. "उद्या किती वाजता?" त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं.

७

उपरणं पुन्हा अंथरलं गेलं. एका बाजूला हौशीराम बसला, दुसऱ्या बाजूला भिमाजी. मकसूदच्या सांगण्यावरून दोघांनी एकेक दाणा सोलायचा आणि समोरच्याला दाखवायचा. बाकीचे त्यांच्या खांद्यांवरून वाकले होते. बायाही आल्या होत्या आणि देवळाच्या भिंतीकडेला उभ्या होत्या. गेणूशेटही आला होता.

पहिले चार पांढरे निघाले. पाचवा भिमाजीच्या नखाखाली तांबडा निघाला आणि गर्दीतून कुजबुज गेली. मकसूदनी हात वर केला. सोलणं चालू राहिलं. पांढऱ्यांची एक ओळ झाली, तांबड्यांची दुसरी. शेवटचे दाणे आले तसा हौशीरामाचा हात संथ झाला. त्याला आकडा आधीच दिसत होता.

"पांढरे सतरा," तोच म्हणाला. "तांबडे बारा. बारा न् तेरा, वाल पंचवीस." त्यानं हात झटकले. "सौदा पडला, शेट."

"पाडला," गेणूशेट म्हणाला. "हे तांबडं भात कुणाचं ते विचारा. गावात एकच माणूस ते पिकवतो म्हणे. मत हरलं तर मोजणीच खोटी ठरवायची, त्याची ही तजवीज दिसते."

डोळे भिमाजीकडं वळले. कालपर्यंत त्याच्या बाजूनं हात वर करणारेही बघू लागले. भिमाजी उठून उभा राहिला.

"भात त्याचं, पन हात माझा व्हता."

रतनबाई भिंतीकडून पुढं आल्या होत्या. पुरुषांनी वाट दिली. त्यांनी उपरण्यापाशी येऊन सगळं सांगितलं. माती घेऊन आले तिथपासून. अंबाजीला जेवायला धाडलं ते, वाल काढले ते, का काढले ते. संक्रांतीचं सांगितलं तेव्हा भिंतीकडेच्या बायांतल्या काहींनी खाली पाहिलं. दुसरं कलम मला ठाऊक नव्हतं, हे त्यांनी शेवटी सांगितलं आणि पुढं म्हणाल्या, "ठावं नव्हतं म्हनून माफ करा असं म्हनत न्हाई. इचारायला पायजे व्हतं. भिमाजीभाऊचं यात काय न्हाई."

दत्तोबा पाटील पायरीवर बसले.  मग ते म्हणाले, "माझ्या घरातनं मत बदललं गेलं. आता गावाचं भात माझ्या माळ्यावर चढनार न्हाई. कोन ठेवनार ते ठरवा."

हे जड गेलं. मत खरं ठरलं होतं, पण ते ज्या घरावर उभं होतं ते घरच मागं सरलं होतं. एकानं छप्पर गळतं म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं जागा नाही म्हणून. गेणूशेटनं सौद्याचा कागद घडी करून खिशात ठेवला, पण तो निघाला नाही. त्याला हे ऐकायचं होतं.

"माझा माळा कोरडा हाय," हौशीराम म्हणाला.

भिमाजीनं चमकून पाहिलं. "तू तर सौद्यातला."

"म्हनून तर. भाव पडला तर मला शिव्या द्यायला तुमाला जड जानार न्हाई." तो हसला नाही. "मला अजून वाटतं की तुमचं चुकतंय. पन पंचवीस म्हंजी पंचवीस. कुलूप माझं, किल्ली भिमाजीकडं. चालतंय?"

भिमाजीनं हात पुढं केला. "चालतंय," तो म्हणाला.

रतनबाईंना सगळ्यांनी त्याच दिवशी माफ केलं असं नाही. पाटलांना देवळाला दंड भरावा लागला. अंबाजीची बायको पावसाळा उलटेपर्यंत रतनबाईंशी बोलली नाही, आणि घरात पाटील किती दिवस गप्प होते ते त्या दोघांनाच माहीत. पण दुसऱ्या आठवड्यात गाड्या भरायच्या ठरल्या तेव्हा रतनबाईंनी नवऱ्याला सांगितलं, "मी येनार. भाव कसा ठरतो ते मला माझ्या डोळ्यानं बगायचंय." पाटलांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि पुढच्या गाडीत पोत्यांवर घोंगडी अंथरली.

८

गाड्या ऊन व्हायच्या आत लोणावळ्याला पोचल्या. गेणूशेटच्या गिरणीपुढं त्या ओळीनं उभ्या राहिल्या. मकसूद बाजाराला निघाले होते, ते रस्त्याच्या पलीकडं थांबले.

गेणूशेटनं एका पोत्यात हात घातला, दाणे पाहिले, वास घेतला. माल चांगला होता. त्यानं भाव सांगितला.

तो सौद्यातल्या भावापेक्षा बराच खाली होता.

"सौद्याचा भाव सौद्याला," तो म्हणाला. "सुट्या मालाला आज हाच. लोणावळ्यात दुसरा कोणी याहून जास्त देणार नाही, मी बोललोय सगळ्यांशी."

हौशीरामाचा चेहरा पांढरा पडला. भरलेली गाडी घेऊन परत आलेला बाप त्याला आठवला असावा.  गाडीवान एकमेकांकडं बघू लागले. कुणीतरी हळूच म्हणालं, देऊन टाकू, निदान हात हलवत तरी जाणार नाही.

रतनबाई गाडीतून उतरल्या. त्यांनी रस्त्यापलीकडं पाहिलं. "जमादार, खोपोलीला भाताचे व्यापारी हायेत का?"

"आहेत," मकसूद म्हणाले. "गिरण्याही आहेत."

"तितं ह्या शेटनी बोलून ठेवलंय का?"

"ते तिथं गेल्यावरच कळेल, वहिनी."

"वहिनी, घाट उतरायचा म्हंजी बैलांचं हाल," हौशीराम म्हणाला. "आन् तितंबी ह्योच भाव निघाला तर?"

"निघंल कदाचित," रतनबाई म्हणाल्या. "मंग परत येऊ न् ह्यांनाच देऊ. आज जे देतायत त्यापरीस कमी तर देनार न्हाईत? दिलं तर समजू आपन हरलो. पन इचारल्याबिगर न्हाई द्यायचं. मी एकदा इचारलं न्हाई, त्याचं काय झालं ते बगितलंय तुमी."

 पाटील जाऊन बैलांच्या वेसणी तपासू लागले.

गेणूशेट पुढं झाला. "थांबा, थोडं वर-खाली करता येईल. हौशीराम, तू तरी समजव यांना. तुला बाजार कळतो."

हौशीराम पहिल्या गाडीच्या जुवापाशी उभा होता. त्यानं गिरणीच्या उघड्या दाराकडं पाहिलं, मग मागं उभ्या असलेल्या गाड्यांकडं. प्रत्येक गाडीवर त्याच्या माळ्यावरून उतरवलेली पोती होती.

"वर किती?" त्यानं विचारलं.

गेणूशेटनं आकडा सांगितला. तो अजूनही सौद्याच्या भावापर्यंत पोचत नव्हता.

"खंडाळ्याला बैल सोडू, पानी पाजू," हौशीराम गाडीवानांना म्हणाला. "ऊन कललं की घाट उतरायचा. मागच्या गाडीची खुंटी ढिली हाय, ती आधी ठोकून घ्या."

रतनबाई पुन्हा पोत्यांवर चढल्या. भिमाजीनं दगड शोधून खुंटी ठोकली. गेणूशेट दारातून काहीतरी बोलत होता, पण तोवर पहिल्या गाडीचं चाक वळलं होतं आणि मागच्या गाड्या एकेक करून खंडाळ्याच्या रस्त्याला लागत होत्या.